रांगेलची मान

आमच्या गावातला पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हा रांगेल मिटोव्ह अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि लेथ चालवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. सरकारला हे बघवलं नाही. बेकारभत्ता सुरू करून सरकारने त्याला शहाणं करायला घेतलं. वर्गाला बसा, नाहीतर भत्ता बंद, असा सरळ व्यवहार होता.

संगणकाच्या वर्गात चौघांत एक माउस होता. उद्योजक व्हायचा वर्ग ज्या गृहस्थाने घेतला त्याची स्वतःची दोन दुकानं बुडाली होती, त्यामुळे त्याचं शिकवणं अनुभवाचं होतं. प्रत्येक वर्गाचं सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्रक मिळायचं. रांगेलच्या बायकोने, दोन्काने, ती सगळी कपाटात मिरच्यांच्या बरण्यांखाली अंथरली. कागद चांगला जाड होता.

भत्त्याचे दोन महिने उरले होते. त्यानंतर जर्मनी. तिथल्या कोंबड्या सोलायच्या कारखान्यात मेव्हण्याने जागा बघून ठेवली होती. दोन्काची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे जायचं ते रांगेलने एकट्यानेच. त्याला जायचं नव्हतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि दोन्काशिवाय राहायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

अशा वेळी रोजगार कार्यालयाने त्याला परदेशी पाहुण्यांच्या सरबराईच्या वर्गाला घातलं. आमच्या गावात परदेशी पाहुणा शेवटचा कधी आला होता ते कुणाला आठवत नाही, आणि हॉटेलात आता कबुतरं राहतात. पण त्यासाठी वर्ग थांबवणं बरं दिसलं नसतं. शिकवायला राजधानीतून, सोफियाहून, व्हिओलिना नावाची तरुण बाई आली.

"हो कसं म्हणता तुम्ही?" तिने विचारलं.

वीस जणांनी मान आडवी हलवली, आमच्या देशात आई शिकवते तशी.

"आणि नाही?"

वीस हनुवट्या वर गेल्या. "च्यक्."

"झालं कल्याण. पाहुणा विचारणार कॉफी आहे का, तुम्ही आहे म्हणणार आणि तो बिचारा उठून जाणार. बाहेर सगळं उलटं असतं. हो म्हणजे खाली-वर. चला, माझ्याबरोबर."

तीन आठवडे वीस नंदीबैल माना डोलावत होते. बाकीचे हसण्यावारी नेत होते, पण रांगेल आयुष्यभर केसाएवढाही फरक न राहू देता लोखंड कातत आला होता, त्याने मानही तशीच घासूनपुसून तयार केली. घरी दोन्काने विचारलं, "घेवड्याचं सार वाढू?" त्याची मान खाली-वर झाली. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अगं, हो म्हणालो मी."

"कुठे हो म्हणालास? डोळे आहेत मला."

प्रशस्तिपत्रकावर शेरा होता, 'उत्कृष्ट'.

आणि त्याच महिन्यात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लेथवाल्याची खरीखुरी जागा निघाली. घरापासून दहा मिनिटांवर. मुलाखत रोजगार कार्यालयातच होती, संत दिमितारच्या सणाला. तिथल्या कारकून दिमित्रिनाचा अर्थातच नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस, त्यामुळे आल्यागेल्याने टॉफी तोंडात टाकायलाच हवी. नको म्हणणं म्हणजे तिच्या वर्षाला नाट लावणं. रांगेलने टाकली आणि त्याची वरची कवळी खालच्या कवळीला चिकटून बसली.

"काका, तीन पाळ्यांत काम करावं लागेल," पंपघराचा अभियंता स्पासोव म्हणाला. "चालेल?"

रांगेलला एवढा आनंद झाला की तीन आठवड्यांचं शिक्षण मानेत उतरलं. मान खाली-वर झाली.

"नक्की नाही?"

रांगेल घाबरला. त्याने अजून जोरात खाली-वर केली. दिमित्रिनाने संगणकात 'काम नाकारलं' अशी नोंद करून टाकली.

टॉफीसकट कवळी हातात आली तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. "हो म्हणत होतो मी."

"काका, आमच्यादेखत दोनदा नाही म्हणालात," दिमित्रिना म्हणाली.

"तुम्हीच तर पाठवलंत शिकायला."

"ते पाहुण्यांसाठी. मी काय पाहुणी आहे?"

स्पासोव वाईट माणूस नव्हता. "काका, लेथवर तुमचा हात धरणारा गावात कुणी नाही," तो म्हणाला. "पण पंपघरात कानठळ्या बसतात. तिथे सगळं मानेवर चालतं. उद्या माझे हात यंत्रात असताना कुणी तुम्हाला लांबून विचारलं, चालू करू? तर?"

पस्तीस वर्षं गोंगाटात याच मानेने रांगेलने लोकांचे हात सांभाळले होते.

बाहेर बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराने डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणून सगळे वर्ग बुडवले होते. त्याची मान शाबूत होती. त्याने ती आडवी हलवली आणि जागा घेतली.

मिळालेलं काम नाकारलं म्हणून रांगेलचा भत्ता त्याच दिवशी बंद झाला. दिमित्रिनाला खरंच वाईट वाटलं. "सहा महिन्यांनी परत नाव घाला काका," ती म्हणाली. "संवादकौशल्याचा वर्ग येतोय." घरी न्यायला तिने आणखी दोन टॉफ्या दिल्या.

जर्मनीची बस रविवारी सकाळी बाजारातून निघते. दोन्काने चीज घालून भाजलेल्या बानित्साचा डबा त्याच्या हातात दिला आणि तो चढल्यावर खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"ईस्टरला येशील ना?"

काचेआड त्याची मान हलली. उभी की आडवी, तिला कळेना. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

"मान नको हलवूस. तोंडाने सांग."

त्याचे ओठ हलले. पण तोवर इंजिन सुरू झालं होतं.