आत्याचं बेटावरचं कोनफळ

दुपारच्या पोपटीच्या फोटोखाली तुम्ही सगळे विचारताय, वालाच्या शेंगांबरोबर मडक्यातून निघालेलं ते गडद जांभळं काय आहे?

ते घारापुरी बेटावरचं कोनफळ. माझ्या आत्याच्या परसातलं. बाजारातल्यापेक्षा लहान, केसाळ, पण चवीला कितीतरी गोड. पावसाआधी लाव म्हणून तिने बियाण्याला हेच कंद दिले होते, मी ते राखेत जपून ठेवले होते.

आज मुरुडला आमच्या वाडीत मित्र आले. शेंगा कमी पडतील असं वाटलं आणि मी तेच सगळे धुऊन मडक्यात भरले. म्हटलं, आत्याकडून परत आणू, त्यात काय!

मघाशी तिचाच फोन आला. "बियान नीट हाय ना रं? आमचं समदं वांदरांनी उकरून खाल्लं. बेटावर आता कुणाकडंच न्हाय. तुझ्याकडं हाय म्हणून बरं."

"हो आत्या, आहे," मी म्हणालो. बोटं अजून जांभळी होती.

कुणाच्या वाडीत असलं कोनफळ असेल तर प्लीज सांगा. लाज वाटून फोटो काढून टाकणार होतो. पण ओळख पटवायला माझ्याकडे आता तेवढंच उरलंय.