फोटोसाठी हलवलेलं जातं

पवनेवर धरण झालं तेव्हा आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीकाठचं दगडी देऊळ, चावडी आणि घरांची जोती उघडी पडतात. चिखल वाळला की पाठोपाठ कॅमेरेवाले येतात.

यंदा अशा एका टोळीला मी हिंडवलं. वाढलो लोणावळ्यात, पण गाव माझं, म्हणून वाटाड्याही मीच. पुण्याहून आलेली पंधरा-वीस माणसं, सगळी अक्कल गहाण ठेवून आलेली. गुरं पाण्यावर न्यायच्या उताराला त्यांच्या टोपीवाल्या म्होरक्याने 'प्राचीन घाट' म्हटलं, चावडीचा राजवाडा करून टाकला, आणि बाकीचे माना डोलवत राहिले. एका बाईंनी देवळाच्या पायरीशी बूट काढले, फोटोत पाय मळके दिसतात म्हणून परत घातले. मला त्यांची अक्षरशः किळस आली. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. असल्यांपुढे कोण तोंड शिणवणार!

देवळासमोर म्होरका अडला. फोटोत पुढे काहीतरी हवं, म्हणाला. तिकडच्या एका जोत्यावर जात्याचा खालचा दगड पडला होता, कड फुटलेला. "दादा, जरा हात लावता?" मी लावला. दोघांनी तो देवळापुढे आणून टाकला, कुणीतरी वर झेंडूचं फूल ठेवलं आणि सगळे गुडघ्यांवर बसून फोटो काढू लागले. मला हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात आत्याला घेऊन तिथेच गेलो. ती त्या गावात जन्मलेली. दर उन्हाळ्यात माहेरच्या जोत्याला हळदकुंकू वाहते. वडील होते तोवर तेच तिला आणायचे; यंदा पहिल्यांदाच माझी पाळी आली. पवनानगरच्या जीपमधून उतरून ती भेगाळलेल्या गाळातून माझ्या पुढे चालत गेली. जोत्यांपाशी मात्र थांबली. पुढे गेली, मागे आली.

"जातं कुटं गेलं?"

सगळी जोती गाळाने लिंपलेली, एकसारखी. त्या फुटक्या जात्यावरून ती आपलं घर ओळखायची.

"पाण्यानं नेलं असेल," मी म्हणालो.

"इतकी वर्सं न्हाई नेलं."

मग तिला ते देवळापुढे दिसलं, वर सुकलेलं फूल. तिने खाली बसून फुटक्या कडेवरून हात फिरवला. "आमचंच हाय. हितं कुनी आनलं?"

मी खरं ते सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालेल. ती कंबरेवर हात ठेवून उठली.

"मंग बरं झालं. तुला ठावं आसंल. दाव, कोंच्या जोत्यावर हुतं?"

मी जोत्यांकडे बघत राहिलो. त्या दिवशी मी दगड उचलताना म्होरक्याच्या टोपीला हसत होतो. जोत्याकडे पाहिलंच नव्हतं. आत्या हळदकुंकवाची डबी उघडून माझ्याकडे बघत उभी होती.