दाराला लावलेला दगड

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात परदेशात, श्रूजबरी गावात, लोकांच्या घरापुढचे जुन्या सामानाचे गराज सेल बघत हिंडताना एक म्हातारी भेटली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने एक पांढरा दगड लावला होता, आणि बोलता बोलता ती तो पायाने सरकवत होती. त्यावर अंशांच्या बारीक रेघा कोरलेल्या होत्या.

“हा तुमच्या इंडियाचाच,” ती कौतुकाने म्हणाली. “मथुरेला एका राजाची वेधशाळा होती. माझ्या इंग्रज पणजोबांनी ती पाडून त्या दगडांचा रस्ता केला. हा एक आठवण म्हणून ठेवला.”

राजाने ज्यावर ग्रहतारे मोजले, त्याला ही चपलेने ढकलत होती!

माझा चेहरा पाहून तिने पाय मागे घेतला आणि अगदी काळजीने विचारलं, “रस्ता तरी टिकला ना?”