फक्कीकाकांची चौदा पावलं

आमच्या कॉलेजच्या मैदानाचे माळी म्हणजे फक्कीकाका. मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की त्यांच्या भुवयांपर्यंत पोचलेली असायची. टेप दाखवली की त्यांचा अपमान व्हायचा. "एकतीस वर्षं हे पाय मोजतायत, तुमची टेप काल जन्मली," असं म्हणत ते गोलरेषेपासून चौदा पावलं टाकायचे आणि पेनल्टीचा ठिपका मारायचे. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

त्या हंगामात मी मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होते आणि घरच्या मैदानावर माझी पार शोभा झाली. पाच पेनल्टी, पाचही आत. मैत्रिणी मला 'उघडं दार' म्हणू लागल्या. आमच्या पुढच्या फळीतल्या पोरींनी मात्र तिथेच पेनल्टीवर पेनल्टी मारल्या होत्या, त्यामुळे त्या हवेत.

उपांत्य सामना दुसऱ्या कॉलेजात झाला. बरोबरी झाली, मग पेनल्टी. हवेतल्या तिघींनी चेंडू थेट समोरच्या गोलकीपरच्या हातात नेऊन दिला. मी मात्र पाचपैकी चार अडवल्या! आम्ही जिंकलो, तरी आमचे सर म्हणाले, "नशीब तुझं. फायनल आपल्या मैदानावर आहे, तिथे तुझं काय होतं ते मी पाहिलंय. दुसरीला उभी करतो."

आपल्या कॉलेजात परतल्यावर मी मैदानाकडेच्या जाळी ठेवायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले. काका तिथेच फक्की चाळत बसले होते.

"काय झालं गं?"

"काका, तिकडे निदान चेंडू येताना दिसतो. इथे दिसायच्या आत पाठीमागे!"

काकांचा हात थांबला. मग तो आपोआप गुडघ्यावर गेला. तो गुडघा हंगाम सुरू झाल्यापासून सुजलेला होता. ते उठून बाहेर पडले. खिडकीतून पाहते तर काय, इकडेतिकडे बघत काका चक्क टेप लावत होते! ठिपका अकरा मीटरवर हवा, भरला साडेनऊ.

गुपचूप नवा ठिपका मारला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी सरावाला ते सगळ्या संघासमोर उभे राहिले. "सर, मी चुकलो. गुडघ्यामुळे पावलं आखडली आणि ठिपका दीड मीटर आत पडला. या पोरीला काढू नका."

"म्हणजे आमचे गोल?" पुढच्या फळीतली एक किंचाळली.

"निम्मे माझे," काका म्हणाले. सरसुद्धा हसले, आणि यादीत माझं नाव राहिलं.

फायनलला शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही एका गोलने पुढे होतो आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. अकरा मीटरवरून चेंडू कसा निवांत आला! मी तो पोटाशी धरला तो सोडेचना.

सामन्यानंतर एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आल्या. काकांच्या बायको.

"तूच ना ती? बत्तीस वर्षं संसार केला मी. हे रस्ता चुकले तरी चूक माझीच असते. परवा तुझ्यासाठी 'चुकलो' म्हणाले म्हणे. खरं का गं?"

"अगदी सगळ्यांसमोर, काकू."

काका पाठमोरे जाळी गुंडाळत होते. "एकदा म्हणालोय," ते मान न वळवता म्हणाले, "तुला म्हणायचं बरंच राहिलंय. घरी चल."

काकू हसता हसता रडायला लागल्या.