पहिल्या पानावरचे चेहरे

समाजाची वधू-वर वेबसाइट सांभाळायची म्हणजे फुकटची उठाठेव. लोणखेड्यात कॉम्प्युटर शिकलेली सून म्हणून मंडळाने ती मोहिनीच्या गळ्यात मारली आणि मोकळं झालं.

साइट उघडली की आधी मंडळातल्या मोठ्या माणसांचे चेहरे. फेटे बांधलेले, एकामागून एक सरकणारे, वर सनई. सगळ्यांत मोठा फोटो तिच्या सासऱ्यांचा, भूपेंद्रभाईंचा. देणगी त्यांची ना! स्थळं पार तळाला, तोवर माणसाचा धीर सुटायचा.

एकदा तापीकाठच्या वत्सलाबाई आल्या. त्यांच्या मुलीचं, भूमिकाचं स्थळ बघायला मुलाकडच्यांनी केळीच्या शेतातून साइट उघडली, तर चक्र नुसतं फिरत राहिलं. कंटाळून त्यांनी दुसरीकडे बोलणी केली.

"तुम्हना फोटो उघडता उघडता मन्ही पोर मांगे ऱ्हायनी," वत्सलाबाई म्हणाल्या. मोहिनीला फार वाईट वाटलं.

तिने सनई काढली, फोटो हलके केले. फरक पडला, पण शेतात अजून रडतखडतच. शेवटी जीव मुठीत धरून तिने सगळे चेहरे आतल्या पानावर नेले आणि स्थळं पुढे आणली. विचारत बसली असती तर सात जन्मांत होकार मिळाला नसता. साइट आता शेतातही झटक्यात उघडू लागली.

भूपेंद्रभाईंनी मोबाइलवर ते पाहिलं आणि सुनेशी बोलणंच टाकलं. ताट वाढलं की निमूट जेवत. चार शब्द रागाने बोलले असते तरी परवडलं असतं, असं तिला होऊन गेलं.

मग त्यांच्याच ओट्यावर मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष तापलेलेच होते. चेहरे होते तसे लावा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, म्हणाले. दाराशी उभ्या मोहिनीच्या डोळ्यांपुढे भूमिका आली. चेहरे परतले की ती पोर पुन्हा तळाला जाणार होती. आणि सासरेही आता आपल्यावरच उलटणार, अशी तिची खात्रीच झाली.

भूपेंद्रभाई उठले.

"भूमिकाले दखाले पाव्हना ई ऱ्हायनात. मन्ही सूनले कोनी बोलू नका. फोटो तठून काढाले मीच सांगेल व्हतं."

भूमिकाला बघायला पाहुणे येताहेत, हे मोहिनीलाही नवीन होतं. ज्याचा फोटो सगळ्यांत मोठा, त्यानेच असं म्हटल्यावर विषयच मिटला. सगळे चहा पिऊन गेले.

ओटा रिकामा झाल्यावर मोहिनीने भीत भीत विचारलं, आबा, तुम्ही मला असं कधी सांगितलं होतं?

"आत्ते सांगी ऱ्हायनू ना," ते म्हणाले.