चौथ्या वाफ्याचं पाणी

पैलवान अंगाने काडीसारखा. हे नाव त्याला कुणी ठेवलं, देव जाणे. बटाट्याच्या संशोधन केंद्रात वाफ्यांना पाणी घालणं हे त्याचं काम. स्वभाव असा मऊ, की रस्त्यातल्या कुत्र्यालाही "जेवलास का रे?" विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. "दयेचं दुकान काढा आता," असं बायको करवादायची.

त्या हंगामात केंद्राच्या मॅडमनी चार वाफे आखले. पहिल्याला पोटभर पाणी, पुढे कमी कमी करत चौथ्याला जेमतेम घसा ओला होईल इतकंच.

"काका, पाणी तोडलं की पीक किती घटतं, ते बघायचंय. मापाबाहेर थेंबही नको."

पैलवानाने मान डोलावली खरी. पण ऐन बटाटे धरायच्या वेळी चौथ्या वाफ्याने माना टाकल्या. शेजारी पहिला वाफा हिरवागार डोलतोय! पैलवानाला घास गिळवेना. एका दुपारी त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चौथ्यावर भरलेल्या झाऱ्या रित्या केल्या. मग अधूनमधून, राहवेना तेव्हा, पुन्हा.

काढणीच्या दिवशी मॅडम बांधावरच बसल्या. चौथ्यातल्या एका बटाट्याला नाक उगवलेलं, दुसऱ्याला कुबड, तिसरा मधोमध तडकलेला.

"नुसते तहानलेले असते तर बारीक राहिले असते, असे वेडेवाकडे नाही. यांची वाढ थांबली, पाणी मिळालं, पुन्हा थांबली. कुणी पाजलं यांना?"

"मीच," पैलवान म्हणाला. "बघवत नव्हतं हो."

अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. मॅडम चांगल्याच तापल्या. "पुढच्या वेळी चौथा वाफा दुसऱ्याकडे देते."

"नको मॅडम. दुसरा त्याच्याशी बोलायचासुद्धा नाही."

मॅडमना हसू आवरेना.

पुढच्या हंगामात पैलवानाने माप मोडलं नाही. ठरलेलं पाणी घालायचा, "भागव बाबा एवढ्यात," असं पुटपुटायचा आणि पाठ फिरवून भराभर निघायचा. चौथ्यातून बटाटे निघाले थोडेच, लिंबाएवढे, पण छान गुळगुळीत. वजनं झाल्यावर मॅडमनी पिशवीभर त्याच्या हातात ठेवले.

बायकोने ते सालासकट उकडले, मीठ लावून एक तोंडात टाकला.

"चवीला बरे आहेत की!"

"मग!" पैलवान म्हणाला, आणि स्वतःच्याच पोरांचं कौतुक ऐकावं तसा लाजला.