तीन याद्यांतले शिंपीबाबा

आमच्या भजनी मंडळाचा डबा गावात सगळ्यात चवदार, असा माझा ठाम समज होता. वर्ध्यात एकट्या, निराधार म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवणारे आम्ही तिघे. जुनं चर्च, बोरगाव मेघेकडचं नवं चर्च आणि आमचं मंडळ. आमच्या घरचा भाजीचा धंदा, म्हणून भाजी माझ्याकडची. दोन वर्षं आम्ही एकमेकांना न विचारता राबलो. त्यामुळे कुणाकडे दोन-दोन डबे जायचे, कुणाकडे एकही नाही.

नालवाडीतल्या शिंपीबाबांकडे तर तीन जायचे. नजर गेल्यावर त्यांनी मशीन विकलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंच, "बाबा, तुमचं पोट आहे का गोदाम?"

ते ओशाळून हसले. "कोनाले नाई म्हनू, बाई? सारेच मायेनं आनते."

शेवटी जुन्या चर्चच्या सिस्टरनी, म्हणजे तिथलं काम बघणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी, आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. सोमवार होता. टेबलावर तीन याद्या ठेवल्या. दोनदा आलेली नावं आम्ही भराभर वाटून घेतली. तिन्ही याद्यांत असलेलं नाव एकच निघालं, शिंपीबाबांचं. तेवढ्यात चहा आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच एकत्र बसल्याचा आनंद असा, की सगळ्यांनाच मोठेपणा सुचला. मी म्हटलं, "सिस्टर, बाबा तुम्ही घ्या." सिस्टर म्हणाल्या, "छे, तुमची भाजी आवडते त्यांना." नव्या चर्चचे पास्टर म्हणाले, "तुम्ही दोघी आधीपासून देता, आमचा कसला हक्क?" हसत हसत चहा संपला, फोटो काढले आणि आम्ही उठलो. घरी येऊन मी शिंपीबाबांच्या नावावर काट मारली. सिस्टरनी मन मोठं करून आपल्याला मान दिला, आता आपणही द्यावा, बाबा त्यांच्याकडेच सोडावेत, असा माझा हिशोब.

शनिवारी बाजारात सिस्टर भेटल्या. कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "शिंपीबाबा कसे आहेत?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे आहेत ना ते."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "ताई, मी तर त्यांना तुमच्याकडे सोडलं."

तिथूनच पास्टरांना फोन लावला. त्यांनीही मंगळवारपासून डबा बंद केला होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवस! शेजारच्या हॉटेलातून वरण-भात बांधून घेतला आणि सिस्टरना स्कूटरवर मागे बसवून मी नालवाडीकडे निघाले.

बाबांच्या दारापुढे शेजारीण धान्य निवडत होती. मी तिच्यावरच ओरडले, "चार दिवस म्हातारा उपाशी आहे, तुम्हाला कळू नये?"

ती दचकून उभी राहिली. "त्यायच्याकडे त रोज तीन-तीन डबे येत. आमी काऊन पाहू?" तिचं काही चुकलं नव्हतं. राग माझा माझ्यावरच होता.

बाबा खाटेवर भिंतीला टेकून होते. उशाशी पाण्याचा लोटा आणि बिस्किटांचा रिकामा पुडा. ओठ फुटलेले. सिस्टरनी नाडी पाहिली आणि हळूहळू दोन घोट पाणी पाजलं. माझा हुंदका ऐकून बाबांनी मान वळवली.

"बाई, मिटलं का भांडन?"

"कसलं भांडण, बाबा?"

"तुमचं तिघायचं. माह्या डब्यावरून झालं ना? एकदमच तिन्ही बंद झाले, तवाच समजलो. म्हनलं, आता आपुन कोनाजवळ बोललो त अजूनच वाढन. चूप राह्यलो."

आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो तोवर हा माणूस तीन डबे जेवला, आणि आम्ही एक झालो त्याच दिवसापासून उपाशी राहिला. त्यातही चूक त्याने स्वतःचीच मानली होती. मला माझी अतोनात लाज वाटली.

सिस्टरनी वरणात भात मऊ कालवून घास त्यांच्या ओठांशी नेला. बाबांनी तोंड उघडलं नाही. चाचपडत माझा हात धरला आणि विचारलं, "बाकीच्यायले राग नाई येनार ना?"